राजा निघाला तर

वडिलांनी पांढरा राजा उचलला आणि तीन प्याद्यांना वाऱ्यावर सोडून पटाच्या दुसऱ्या टोकाकडे एक घर सरकवला.

"ही खेळी. सत्तेचाळिसावी. इथून तू जिंकत होतीस."

मुलगी हॉटेलच्या पलंगावर मांडी घालून टोस्टला लोणी लावत होती. ती ग्रँडमास्टर, वडील तिचे पहिले आणि आजवरचे एकमेव प्रशिक्षक. काल जिंकली असती तर जागतिक स्पर्धेतली उरलेली एकच जागा तिला मिळाल्यात जमा होती. डाव बरोबरीत सुटला. आता उद्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"सुचली नाही," ती म्हणाली. "डोकं चाललं नाही. पत्रकारांनाही तेच सांगितलं."

"ते पत्रकारांना ठीक आहे, मला नको सांगूस." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "घड्याळात बावीस मिनिटं होती. प्रतिस्पर्ध्यानं बरोबरी मागितली आणि तू लगेच हात मिळवलास. भाजी घेतानासुद्धा याहून जास्त विचार करतेस!"

"बाबा, चहा गार होतोय."

चहा गार झाला. कारण सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कारण न कळता उद्या बसली तर पुन्हा तिथेच चुकेल, ही धास्ती होती. त्यांनी एकेक खेळी मांडली. काळा हत्ती तिन्ही प्यादी गिळतो, तोवर राजा पोचतो आणि कडेच्या प्याद्याचा वजीर होतो. जेमतेम, पण होतो. मग काही वर्षांपूर्वी त्यांनी हीच स्थिती पहिल्यांदा मोजली तेव्हा का नव्हता झाला?

त्यांचा हात थांबला. बॅगेतून त्यांनी जुनी वही काढली, मुलगी अकरा वर्षांची असताना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. पान शोधावं लागलं नाही. 'राजा निघाला तर प्यादी जातात. बरोबरी. पाठ करणे.' खाली लाल शाईच्या दोन रेघा.

तिने पाठ केलं होतं.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला बोलली का नाहीस?"

"बोलून अर्धा गुण परत मिळणार होता?"

"या वहीत अजून काय काय चुकलंय माझं?"

तिने बोटांवरचं लोणी सावकाश पुसलं. मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"चौदा जागा. तीन वर्षं तपासतेय. तुम्ही फिरायला गेलात की."

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. हे पान तीत नव्हतं.

"आणि हे?"

"ते तुम्ही माझ्यासाठी लिहिलेलं पहिलं पान," ती म्हणाली. "ते तपासावंसं वाटलंच नाही मला."

वडिलांना लाज वाटत होती, आणि पोरीचा अभिमानही आवरत नव्हता. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पट फिरवून काळे मोहरे तिच्याकडे केले आणि चौदातली पहिली जागा मांडली.

"आता मी म्हणतो म्हणून मान डोलवायची नाही."

त्यांनी एक खेळी केली.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी ती मागे घेतली.