अर्धी गोळी

नीश शहरात घराण्याच्या संताच्या सणाला कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला आठवण असते तो येतो, दारातच उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा तोंडात घालतो आणि मग घरचे त्याला वाढत राहतात. त्यामुळे ग्रादिमिर दारात उभा राहिला तेव्हा ग्रोझ्दानाला त्याला परत पाठवता येईना. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी गव्हाचं भांडं तिनं पुढं केलं.

ग्रादिमिर तिच्या कंपनीचा मालक. कंपनीचं अ‍ॅप शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या फोनवर होतं. कोणती गोळी, किती, कधी, ते त्यात दिसायचं. त्यातली बटणं, अक्षरं, सगळा सांगाडा एका तयार टूलकिटचा. त्या टूलकिटला दोन वाटा होत्या: पैसे मोजून घ्या, नाहीतर फुकट घ्या. फुकट घेतलंत तर अट एकच, वापरणाऱ्याला तेवढं टूलकिट काढून त्याजागी सुधारलेलं बसवता आलं पाहिजे. या शहाण्यानं फुकट घेतलं आणि ते अ‍ॅपमध्ये असं जाम करून टाकलं, की कुणाला हात लावता येऊ नये. वर ऐट अशी, जणू सगळं याच्याच बापाचं!

सणाच्या आदल्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी, स्वेतोझारांनी, अधू डोळ्यांसाठी अ‍ॅपमधली अक्षरं मोठी केली. मोठी केली की ओळीचा पहिला शब्द कडेला गडप व्हायचा. "अर्धी गोळी"तली "अर्धी" गेली. म्हाताऱ्यानं रक्तदाबाची अख्खी गोळी घेतली आणि भोवळ येऊन चुलीवर आदळला. मनगट प्लास्टरमध्ये.

चूक टूलकिटमधली. ती जगभरच्या लोकांनी कधीच दुरुस्त केली होती. नुसतं नवं बसवायचं होतं, आणि नेमकं तेच बसवता येत नव्हतं.

"काका, हाताला काय झालं?" ग्रादिमिरनं कोबीच्या पानातली खिम्याची सारमा तोंडात कोंबत विचारलं.

"तुझ्या अ‍ॅपनं ढकललं," स्वेतोझार म्हणाले.

ग्रादिमिर हसला. "ग्रोझ्दाना, काकांचे कान भरलेस वाटतं? अगं, तुला सांगितलं ना, तुझ्या म्हणण्याप्रमाणे उघडं ठेवलं तर आपली सगळी मेहनत लोक पळवतील."

"तुमच्या मेहनतीला कोण हात लावतंय, साहेब? तुमचं तुमच्यापाशीच ठेवा. दुसऱ्यांचं जे फुकट घेतलंत, तेवढं मोकळं ठेवा. एवढीच तर अट होती!"

"लायसन्सच्या अटी कोण वाचतं गं? सगळेच असं करतात."

"सगळ्यांचे वडील चुलीवर पडत नाहीत."

स्वेतोझारांनी चांगल्या हातानं पाहुण्याचा पेला फळांच्या दारूनं, राकियानं, भरला. "हे बघ ग्रादिमिर, आज माझं दार उघडं होतं म्हणून तू आत आलास. माझ्याच घरात बसून आतून कडी घालशील, तर मागून येणाऱ्यांनी कुठं जायचं?"

"बरं बरं, सोमवारी ऑफिसात बघू," ग्रादिमिर म्हणाला. "सणासुदीला कशाला तोंड कडू करायचं?"

"सोमवारची गरज नाही," ग्रोझ्दाना म्हणाली. "त्या टूलकिटच्या कोडमध्ये माझ्याही ओळी आहेत, तुमच्याकडे लागायच्या आधी लिहिलेल्या. अट मोडलीत, त्या वापरायचा तुमचा हक्क संपला. नोटीस आज सकाळीच गेलीय, सणाच्या प्रार्थनेला पाद्री घरी यायच्या आधी. टूलकिट मोकळं होईपर्यंत अ‍ॅप कुणाला देता येणार नाही."

ग्रादिमिरचा घास हातातच राहिला. "नोकरी जाईल तुझी. कळतंय ना?"

"कळतंय. राजीनामा त्या नोटिशीच्याच खाली जोडलाय."

तो खुर्ची सरकवून उठायला लागला. स्वेतोझारांनी प्लास्टरचा हात त्याच्या खांद्यावर ठेवून त्याला परत खाली बसवलं आणि मुलीला म्हणाले, "याला अजून दोन सारमा वाढ. आज या घरातून कुणी उपाशी जात नाही."

आणि तिनं वाढल्या. अख्ख्या.