दादाचा पीएच

वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवून माझी एक खात्री झाली आहे: मुलं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. अणू दिसत नाही, तर तो आहे कशावरून? मीठ पाण्यात विरघळलं, हा भौतिक बदल की रासायनिक? सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी, मग मीठ खाऊन माणूस मरत का नाही? हा शेवटचा प्रश्न हमखास मागच्या बाकावरून येतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं. मी तोंडपाठ उत्तर देते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेते.

पण हेच प्रश्न सख्खा मोठा भाऊ विचारायला लागला, तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायचीही सोय उरली नाही.

दादा कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. नव्या मॅनेजरने फर्मान काढलं: बॉयलरवाल्यांनी पाण्याच्या रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा द्यायची, दोनदा नापास झाला तो घरी. दादा एकदा आपटून आला होता. बॉयलरच्या खोलीबाहेर या माणसाला करमत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. म्हणून वहिनी दर रविवारी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे पिटाळायच्या.

बाकीचं त्याने घोकून घोकून पाठ केलं. पीएच मात्र काही केल्या डोक्यात शिरेना.

"एकाचा पीएच दोन, दुसऱ्याचा पाच. जास्त आम्ल कुठलं?"

"पाचवालं."

"अरे उलटं! आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त."

"असं कसं? काटा वर गेला की जोर वाढतो. माझा जन्म गेला काटे बघण्यात."

"हा काटा तसला नाही, दादा."

"मग हे काढणाऱ्याला उलटंच बरं सुचलं गं!"

मी लिंबू पिळलं, खायचा सोडा कालवला, दोन्हींत रंगीत पट्ट्या बुडवून दाखवल्या. तो मान डोलवायचा. पुन्हा विचारलं की आधी त्याचा हात वर जायचा, काटा चढल्यासारखा, आणि हातामागून चुकीचं उत्तर यायचं. शेवटी मी खेकसले, "डोकं आहे की खोकं?"

"खोकं," तो हसून म्हणाला. "पण मजबूत आहे हो, मास्तरीणबाई."

मला माझीच लाज वाटली.

परीक्षा झाल्यावर त्याचा फोन आला. "पीएचच विचारला त्यांनी," एवढंच म्हणाला. पुढचं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्या रविवारी दार उघडलं तर दादा उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक.

"तुझ्या वहिनीला सांगितलं नाही अजून. परीक्षा पुढे ढकलली म्हणालो. सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळपर्यंत बागेत बसतो."

"असं किती दिवस चालणार?"

"बघू. तू शिकव. घरी गेलो की ती विचारते, आज काय झालं म्हणून."

मला रडू येत होतं. तरी पुस्तक उघडलं आणि पुन्हा तेच सांगितलं, आकडा खाली तर आम्ल जास्त. या वेळी खेकसायला काही कारणच उरलं नव्हतं. दादाचा हात सवयीने वर निघाला आणि मध्येच थांबला.

"म्हणजे बॉयलरच्या काचेच्या नळीसारखं," तो म्हणाला. "आतलं पाणी दिसतं ना त्या नळीत? पाणी जितकं खाली, तितका बॉयलर फुटायचा धोका जास्त."

"हो. तसंच."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

इतक्या रविवारांत मी लिंबू पिळत बसले, बॉयलरबद्दल त्याला एक अक्षर विचारलं नाही.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "काय गं, डोक्यात शिरतंय का त्यांच्या?"

"शिरलं, वहिनी. पीएच आज अगदी पक्का झाला."

"सुटले बाई! आता कोण नापास करतंय बघू."

आवाज खणखणीत होता, दादालाही ऐकू गेला असणार. त्याने मान वर केली नाही. पुढचा धडा काढला आणि मोठ्याने वाचू लागला, फोनमधून ऐकू जाईल अशा बेताने.