टब उजवीकडे

मिस्त्रींच्या दुकानात खुर्च्या भरपूर होत्या, पण बसायला एकही नव्हती. सांगाडे तेवढे तयार होते. पाय घासलेले, पाठी ताठ, पॉलिशही झालेलं, आणि बैठकीच्या जागी नुसतं मोकळं चौकोनी भोक. वेताच्या पट्ट्यांनी बैठका विणायचं काम मिस्त्रींची बायको करायची. ती गेली, आणि सांगाडे एकावर एक चढत छताला टेकले.

"बाबा, आता यावर चढून पंखा पुसणार आहात का?" मुलीने विचारलं.

योजनेची बातमी तिनेच आणली. लहान दुकानदाराने नवं माणूस कायम नोकरीवर घेतलं, तर पहिलं वर्षभर त्याचा अर्धा पगार सरकार देणार होतं.

"सरकार?" मिस्त्री हसले. "त्याला खुर्चीवर बसणं माहीत. विणणं कधीपासून कळायला लागलं?"

"विणणारं माणूस वेगळं येईल. तुम्ही फक्त तोंड गोड ठेवा."

अशा रीतीने नवी बाई आली. चाळिशी उलटलेली, बोलायला फटकळ. आधी सूतगिरणीत होती. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, आणि प्रत्येक ठिकाणी एका संध्याकाळी "उद्यापासून येऊ नका" हे ऐकून घरी गेली. त्यामुळे तिला एक सवय लागली होती. हात धुतले की दारात थांबून विचारायची, "मिस्त्री, उद्या यायचं ना?"

"कायम ठेवलंय म्हणून सांगितलं ना?"

"कायम काय, सगळेच म्हणतात हो."

हात मात्र तिचा चांगला होता. मिस्त्रींनी एकदा दाखवलं आणि वीण तिच्या बोटांत बसली. अडचण वेगळीच होती. मिस्त्रींची बायको डावखुरी होती. खिडकीखाली तिचं स्टूल. पट्ट्या भिजत घालायचा लोखंडी टब स्टुलाच्या डावीकडे, पट्ट्या टांगायचा आकडा डावीकडे, भोकांत पट्टी अडकवून ठेवायच्या खुंट्यांचा डबाही डावीकडे. ती गेल्यावर मिस्त्रींनी त्यातलं काहीही हलवलं नव्हतं.

नवी बाई उजव्या हाताची. प्रत्येक पट्टीला कमरेतून वळायचं, हात मांडीवरून पलीकडे न्यायचा, ओली पट्टी ओढून घ्यायची. पट्टीचं पाणी मांडीवर. संध्याकाळपर्यंत तिचा एक हात कमरेवर गेलेला असायचा.

"मिस्त्री, हा टब जरा इकडे घेऊ का?"

"आहे तिथे बरा आहे. त्याला काय टोचतंय?"

"त्याला नाही, मला टोचतंय. कमरेत."

मिस्त्री रंधा मारायला लागले. रंधा चालू असला की समोरच्याचं ऐकू येत नाही. लग्न झाल्यापासून ही सोय त्यांनी पुष्कळ वापरली होती.

मग मुलगी पुन्हा आली. "बाबा, उद्या रोजगार कार्यालयाचे साहेब येणार आहेत. गल्लीतल्या ब्रश बनवणाऱ्यांची योजनेची मंजुरी त्यांनी अडवली."

"का?"

"बायकांना दिवसभर ओणवं बसवत होते. मागच्या योजनेत नुसते पैसे वाटले. पैसे थांबले तशी दुकानांनी माणसं काढली, काही माणसं तर त्याआधीच दुखण्याने काम सोडून गेली. म्हणून आता काम कसं करून घेता ते बघतात. अंगाला सोसेल, वर्षानुवर्षं करता येईल असं काम असेल, तरच मंजुरी."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर पूर्ण पगार तुमच्या खिशातून. जमेल?"

मिस्त्रींनी छताला टेकलेल्या सांगाड्यांकडे पाहिलं. ते विकले जाईपर्यंत तरी जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे बाईला दारातच सांगावं लागणार, उद्यापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी बाई कमरेला रुंद पट्टा आवळून आली.

"हे काय?"

"साहेबांसमोर वाकडी दिसायला नको. तुम्ही काळजी करू नका. विचारलं तर सांगेन, मला काही त्रास नाही."

मिस्त्रींचा रंधा मध्येच थांबला. हेच वाक्य त्यांच्या बायकोने शेवटचे कितीतरी महिने सांगितलं होतं. मला काही त्रास नाही. आणि त्यांनी ते खरं मानलं होतं, कारण तसं मानणं सोपं होतं.

"उठा बाई," ते म्हणाले. "टबाला त्या बाजूने धरा."

"आधी पाणी काढू या का?"

"वेळ कुठे आहे?"

इथेच चुकलं. इतक्या वर्षांत टब फरशीला चिकटून बसला होता. दोघांनी जोर लावला तरी हलेना. आणखी लावला, तसा सुटला तो थेट दाराकडे कलंडला. अर्धं पाणी उंबऱ्यावरून बाहेर गेलं. उंबऱ्यावर साहेब उभे होते. बूट नवे दिसत होते.

"असं स्वागत सगळ्यांचं करता," साहेबांनी विचारलं, "की फक्त सरकारचं?"

मिस्त्री घाईघाईने फडकं शोधायला लागले. बाईने मात्र नुकतीच विणलेली खुर्ची पुढे केली. साहेब बसले, मोजे काढून खिडकीत वाळत घातले आणि अनवाणी पाय पुढे करून म्हणाले, "चालू द्या काम."

बाईने पट्टी घेतली. मिस्त्रींनी टब सरळ करून स्टुलाच्या उजवीकडे लावला होता. हात सरळ गेला, सरळ आला. पाठ हलली नाही. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"बाई, काही त्रास?"

बाईने मिस्त्रींकडे पाहिलं. "होता. आत्ताच सरकवला."

"आत्ताच म्हणजे कधी?"

"तुमच्या बुटांना विचारा."

साहेब इतके हसले की खुर्ची करकरली. मंजुरीवर सही करताना म्हणाले, "पुढच्या वेळी येताना चपला घालून येतो."

संध्याकाळी बाईने कमरेचा पट्टा सोडून डावीकडच्या रिकाम्या आकड्याला टांगला, "येते हो" म्हणाली आणि गेली. आज तिने काही विचारलंच नाही, हे मिस्त्रींच्या लक्षात आलं तेव्हा ती रस्त्यापलीकडे पोचली होती.

सकाळी मिस्त्री खिडकी उघडायला निघाले. टबाच्या जुन्या जागी फरशीवर गंजाचं गोल वळं उमटलं होतं. रोजच्यासारखं पोट आत घेऊन ते त्या वळ्याला वळसा घालून गेले.

"मिस्त्री, तिथे काही नाहीये," बाई स्टुलावरून म्हणाली. "सरळ या की."

"उद्या," मिस्त्री म्हणाले.

"बघते मग. उद्या मी आहेच."