तेवीस फुल्या

"बेचाळीस रात्री भरल्या नाहीत, तर काय होतं?"

सेंट ऑसिथ कॉलेजच्या जेवणाच्या हॉलमध्ये शाळेकडून कॉलेज बघायला आलेल्या साठ मुली बसल्या होत्या. त्यातल्या सत्तावन्न माना गर्रकन मागे वळल्या. मागच्या बाकावर लॉरेन टकवेल उभी होती. मान ताठ, पण कान लालबुंद. शेजारी बेव आणि ट्रूडी बाकाखाली डोकं घालून फिदीफिदी हसत होत्या.

पैज त्यांचीच होती. बसमध्ये माहितीपत्रक चाळताना ट्रूडीला एक ओळ सापडली : विद्यार्थ्याने दर सत्रात किमान बेचाळीस रात्री शहराच्या मधोमध असलेल्या कार्फॅक्सच्या चौकापासून सहा मैलांच्या आत झोपलं पाहिजे. "झोपलं पाहिजे म्हणे!" बेव किंचाळली होती. "ए लॉरेन, दम असेल तर डीनला विचारून दाखव, नाही झोपलं तर काय करता म्हणून! विचारलंस तर आठवडाभर चिप्स माझ्याकडून."

बिचाऱ्यांना काय कल्पना! हा प्रश्न लॉरेन दोन महिने दाढेखाली धरून बसली होती. पैज नसती तरी तिने विचारलाच असता. पैजेमुळे फक्त चिप्स फुकट मिळाले.

डीन डॉ. पेनहॅलो आत्ताच वर्षाची सगळी मांडणी सांगून मोकळे झाले होते. यंदापासून कॉलेजात मुली घेणार, म्हणून हा सगळा थाट. ऑक्टोबरात मायकलमस, जानेवारीत हिलरी, एप्रिलात ट्रिनिटी. तीन सत्रं, प्रत्येकी आठ आठवडे, आठवडा रविवारी सुरू. इथे तारीख कुणी सांगत नाही, 'पाचव्या आठवड्यातला मंगळवार' असंच बोलायचं. शाळेतल्या मुलींना ही मोठी गंमत वाटली. लॉरेनला कसली गंमत! तिच्या घरात एकोणीस वर्षं हेच कॅलेंडर होतं. तिचा स्वतःचा वाढदिवससुद्धा 'हिलरीचा दुसरा आठवडा' असा साजरा व्हायचा.

"तर ते सत्र धरलं जात नाही, मिस..."

"टकवेल."

नाव ऐकून डीनचा चष्मा नाकावरून बोटभर खाली आला.

"परीक्षा कितीही चांगली दिली तरी?"

"कितीही. नऊ सत्रांचा रहिवास पूर्ण झाल्याशिवाय पदवी नाही."

"पण रात्री मोजतं कोण?"

"विद्यार्थी स्वतः लिहून देतो. सभ्य माणसाचा शब्द आम्ही मानतो."

"आणि सभ्य माणूस खोटं बोलला तर?"

बेवचं हसू केव्हाच विरलं होतं.

"पुरावा आला तर त्याला माझ्यासमोर बसवतो आणि एकेक रात्र विचारतो, कुठे होतास, कुणाबरोबर होतास," डीन सावकाश म्हणाले. "बहुतेक जण तिसऱ्या रात्रीलाच रडतात."

"थँक यू, सर," लॉरेन म्हणाली आणि खाली बसली. तिसऱ्या रात्रीला! तिच्या पोटात अगदी गरम केक गेल्यासारखं झालं.

लॉरेनची आई, आयरीन टकवेल, याच कॉलेजात सहा नंबरच्या जिन्यावरच्या आठ खोल्या आवरायची. अशा बाईला इथे स्काउट म्हणतात. एकोणीस वर्षं पहाटे सहाची बस. मुलांना उठवायचं, कप विसळायचे, अंथरुणं घालायची. अंथरूण रात्रभर तसंच राहिलेलं दिसलं की ती सत्राच्या छापील कार्डावर त्या रात्रीवर खोलीचा नंबर घालून फुली मारायची. शुक्रवारी धोब्याकडे चादरी जायच्या, त्यात न वापरलेल्या उगाच घालायला नकोत एवढाच त्यामागचा हिशेब. कार्ड संध्याकाळी घरी यायचं आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकायचं.

खोली नंबर चार क्रिस्पिन ऑल्डवर्थची. गेल्या हिलरीत सर्वांत जास्त फुल्या त्याच्या. लंडनला कुणीतरी मैत्रीण होती, शिवाय रात्रभर पत्ते. आणि कहर म्हणजे, स्काउटांच्या मुख्य बाई फेरीला आल्या तर मुलाला बोलणी बसू नयेत म्हणून आई त्याची कोरी चादर हाताने चुरगाळून ठेवायची!

मग आठव्या आठवड्यानंतरचा रविवार उजाडला. पोराला घरी न्यायला त्याचे वडील मोटार घेऊन आले. ट्रंका भरताना त्यांनी विचारलं, आजोबांची चांदीची सिगारेटची डबी कुठे आहे? क्रिस्पिनने सांगून टाकलं : पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री झोपताना उशाशी ठेवली होती, बुधवारी सकाळी मिसेस टकवेल येऊन गेल्या आणि नाहीशी झाली. वडिलांचं आकांडतांडव नको म्हणून इतके दिवस बोललो नाही.

कॉलेजने पोलीस बोलावले नाहीत. आईला फक्त ॲप्रन आणि किल्ल्या ठेवून जायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी घेतली नाही." त्या मंगळवारच्या चौकोनात फुली होती. ते तिने सांगितलं नाही.

"अगं पण का?" लॉरेनने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं.

"स्काउट आपल्या मुलांबद्दल बाहेर बोलत नाही," आई म्हणाली. "माझी आई स्काउट होती, ती बोलली नाही, मीही बोलणार नाही. खोलीतलं खोलीत." आणि ती इस्त्री करायला लागली. बाबा मोटारीच्या कारखान्यातून आलेले, बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले.

तेव्हापासून दुकानात आई आत आली की बायकांच्या पर्सा काखेत जायच्या.

हॉलमधून सगळ्या मुलींना चॅपल दाखवायला नेलं. लॉरेन मधेच सटकली. सहाव्या जिन्याचा वास तिच्या ओळखीचा होता, आईच्या कोटाला तो रोज यायचा. तिने चार नंबरचं दार वाजवलं.

क्रिस्पिन ऑल्डवर्थ पुस्तकांच्या ढिगात बसला होता. शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. केस विस्कटलेले, हातात टोस्ट. दिसायला इतका साधा की लॉरेनला रागच आला. राक्षसाला निदान दात तरी हवेत!

"तू मिसेस टकवेलची मुलगी ना? नाक तेच आहे. ये, बस. कशा आहेत त्या?"

ती येताना 'तुम्ही' म्हणायचं ठरवून आली होती. ते 'तुम्ही' उंबऱ्यातच गळून पडलं.

"चोर म्हणून जगतेय. तू कसा आहेस?"

त्याचा टोस्ट हवेतच राहिला. लॉरेनने गणिताची वही काढून पान त्याच्यासमोर धरलं. आठ ओळी, छप्पन्न चौकोन, तेवीस फुल्या.

"गेल्या हिलरीतल्या तुझ्या रात्री, आईच्या कार्डावरून उतरवलेल्या. छप्पन्नातून तेवीस गेल्या, उरल्या तेहतीस. बेचाळीस लागतात. आणि ही बघ, पाचवा आठवडा, मंगळवार. तू इथे नव्हतासच. मग डबी उशाशी कशी ठेवलीस? उशीच लंडनला होती का?"

क्रिस्पिन पांढराफटक पडला. खोटं बोलतानासुद्धा माणूस खऱ्याच्या आसपासच घुटमळतो. डबी गेली होती त्याच मंगळवारी, लंडनला, पत्त्यात.

"ऐक," तो घाईघाईने म्हणाला. "मी सांगतो, सापडली म्हणून. ट्रंकेच्या अस्तरात. सगळं मिटेल. तुझी आई सोमवारी कामावर. काय?"

क्षणभर, अगदी क्षणभरच, लॉरेनला किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला दिसला.

"म्हणजे तू दयाळू, आणि आईवर उपकार," ती म्हणाली. "नाही. लिहून दे. 'मी त्या रात्री तिथे नव्हतो, मी खोटं बोललो.' खाली सही."

"वेडी आहेस का? माझं सत्र जाईल! पदवी जाईल!"

"माहितीये. आत्ताच विचारून आले."

मग हळूहळू त्याच्या खांद्यांतला ताण गेला आणि तो चक्क हसला.

"तू ते कार्ड देणारच नाहीस. तुझी आई देऊ देणार नाही. मिसेस टकवेल कधी कुणाबद्दल बोलत नाहीत, अख्ख्या कॉलेजला माहीत आहे." त्याने टोस्टचा तुकडा तोडला. "नाहीतर मी त्यांचं नाव घेतलं असतं का?"

लॉरेनने वही मिटली. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज अगदी गार निघाला. "टोस्ट संपव. पुढे घास उतरायचा नाही."

बसमध्ये बेव सारखी विचारत होती, "अगं होतीस कुठे? चिप्स घेऊया ना!" लॉरेनने चिप्स घेतले, एकही खाल्ला नाही.

घरी संध्याकाळचा चहा मांडलेला होता. टोस्टवर बीन्स, बाबांसमोर वर्तमानपत्र. लॉरेनने कोटही न काढता सगळं सांगून टाकलं, डीनपासून टोस्टपर्यंत. अस्तरातल्या डबीपाशी येताच आई म्हणाली, "मग सांगू दे ना त्याला तसं. मिटलं तर मिटलं. पोरगं आहे ते."

"लेकरू म्हण ना!" बाबा वर्तमानपत्रामागून गरजले.

"लेन, तू गप."

"आई, शेवटचं ऐक," लॉरेन म्हणाली. "तो म्हणाला, तू कुणाबद्दल बोलत नाहीस, म्हणूनच तुझं नाव घेतलं. डबी कुणावर ढकलायची ते त्याने विचार करून ठरवलं. पाचव्या जिन्यावरच्या मॉरीनचं नाव नाही घेतलं, ती बोंबलली असती. तू त्याची चादर चुरगाळायचीस, आणि त्याने तुला निवडलं."

आईचा हात बशीवर थांबला.

मग ती उठली. खिळ्यावरून कार्ड काढलं, दिव्याखाली धरलं, बोट ओळीवरून सरकवत नेलं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला बाबांची पेन्सिल होती, ती उचलली.

"तेवीस नाहीत," ती म्हणाली. "सातव्या आठवड्यातला गुरुवार राहिलाय. त्या दिवशी मी कार्ड घरीच विसरले होते." आणि तिने चौकोनात नीट, दाबून फुली मारली. कार्ड लॉरेनसमोर ठेवलं. "हं. जेव आता."

लॉरेनने कार्ड उचललं.

"आई, बाबा, उद्या मी शाळा बुडवणार," ती म्हणाली. "दहा वाजता पुढच्या फाटकाने आत जाणार, कार्ड डीनच्या टेबलावर ठेवणार आणि क्रिस्पिन एकेक रात्र सांगेपर्यंत तिथून हलणार नाही. चोवीसच्या चोवीस."