माझ्या पोटातला कोष

मी चष्म्याची डबी बोलतेय. वरून काळी, आतून लाल मखमलीची. बसलिंगप्पांनी उदगीरला चष्मा घेतला, तेव्हा त्यांच्या खिशात बसून मी त्यांच्या गावी, देवणीला, आले. पुढे ते वारले. त्यांचा चष्मा बायकोनं, रत्नम्मानं, एका गरजूला देऊन टाकला. मी मागे राहिले. रिकाम्या डबीला कोण विचारतं?

विचारलं ते एका उड्या मारणाऱ्या कोळिणीनं, म्हणजे कोळी किड्याच्या मादीनं. फटीतून आत शिरून तिनं मखमलीवर पांढरा कोष विणला, त्यात अंडी घातली आणि खाणंपिणं सोडून राखण करत बसली.

एका सकाळी रत्नम्मानं मला उघडलं. कोळीण टुणकन तिच्या मनगटावर उडाली. म्हातारी दचकली आणि दुसऱ्या हाताच्या फटक्यानं कोळीण मेलीच. मग तिला कोष दिसला.

"शिवा शिवा! लेकुरवाळी व्हतीस की गं तू," म्हणत तिनं मला अलगद खाली ठेवलं.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. कोष सुकू नये म्हणून रोज कापसाची वात ओली करून माझ्यात ठेवायची. घरात पालींचा सुळसुळाट, म्हणून तिनं मला तुरीच्या कोठीत फळीवर नेऊन उघडंच ठेवलं. तिथं पोत्यांवर बारीक किडे फिरत. "भाईर आल्या आल्या खायला मिळंल लेकरास्नी," म्हणाली. मुलाला, रुद्रेशला, मात्र तिनं अवाक्षर सांगितलं नाही. टिंगल करायला माणसाला फार काही लागत नाही.

मग ती दोन दिवसांसाठी बहिणीकडे मुखेडला गेली. त्याच दुपारी कोषाला भोक पडलं आणि तिळाएवढी अठरा पिल्लं बाहेर आली. एकानं तर लगेच उडी मारून पाहिली. हे बघायला ती हवी होती, असं फार वाटलं मला.

तासाभरानं रुद्रेश आला. तुरीला कीड लागलेली पाहून त्यानं पोत्यांमध्ये विषारी गोळ्या ठेवल्या, ताडपत्री ओढली आणि दाराच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. लसणासारखा उग्र वास सुटला. पिल्लं सैरावैरा पळाली, वातीपाशी गोळा झाली आणि एकेक करून निपचित पडली. मला झाकणसुद्धा मिटता येईना.

रत्नम्मा परतली, तेव्हा दाराबाहेर तिचा आवाज आला.

"उघड रे दार!"

"अव्वा, आत जहर हाय. सात दिस उघडायचं न्हाई. जीव जाईल तुझा."

"आत लेकरं हायेत माजी!"

कसली लेकरं, ते तिनं रडत रडत सांगितलं. रुद्रेशनं दार उघडलं नाही. ते बरोबरच होतं, आणि तरी मला त्याचा राग आला.

आठव्या दिवशी तिनं मला उन्हात नेलं. एकेका पिल्लाला बोटाच्या टोकानं हलवून पाहिलं.

"आधी सांगायचं की गं मला," रुद्रेश म्हणाला.

"तू हासला असतास."

त्यानं कुदळ उचलली. "हाव, हासलो असतो," म्हणाला.

तिनं पिल्लं माझ्यातून काढली नाहीत. आम्हाला पुरायला लिंबाखाली आता रुद्रेश खड्डा खणतोय. झाकण मिटण्याआधी मी एवढंच मागते. घरातलं कुणी क्षुल्लक जिवासाठी झुरत असेल, तर त्याला तुमच्यापासून ते लपवावं लागू नये. रत्नम्मानं झाकण लावलं. जिवंत पिल्लं कशी दिसत होती, ते मी पाहिलंय, आणि मला ते तिला सांगता येत नाही.