मागच्या मोरीचं पाणी

माझा भाऊ मार्तंड कुठलीही गोष्ट आधी कागदावर काढल्याशिवाय करत नाही. नोकरी नकाशे काढायची, तेच खूळ घरात. मुलुंडला हे घर बांधलं तेव्हा भिंतीत खुंट्या कुठे ठोकायच्या याचासुद्धा नकाशा होता. माझे यजमान गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहते, तेव्हा हे सगळं माझ्या अंगवळणी पडलेलं. फाल्गुनात त्याने बागेच्या पाण्याचा नकाशा पसरला, तेव्हा मी म्हटलं, "झालं. आता केळींनाही ऑफिसची वेळ पाळावी लागणार."

एरवी तो उलटून काहीतरी बोलला असता. या वेळी पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "ताई, एवढा माड तरी जगला पाहिजे."

मग मी थट्टा सोडली आणि नकाशाचं उडणारं टोक धरून बसले.

माड नंदूचा. सुनंदाला, म्हणजे माझ्या भावजयीला, फार वर्षांनी मूल झालं. देवधर्म, डॉक्टर, सगळं करून आम्ही आशा सोडली होती, आणि मग नंदू. बाळंतपण घरीच झालं. आमच्या कोकणातल्या रीतीप्रमाणे रुक्मिणी सुइणीने त्याची नाळ आणि वार परसात पुरली आणि वर कोंब आलेला नारळ लावला. परसाच्या पडवीत एक छोटी मोरी आहे. तिथे सकाळचं ऊन येतं, म्हणून नंदूला तिथेच न्हाऊ घालायचे. मी पाय पसरून त्याला पायांवर घ्यायची, बंबातलं कढत पाणी विसणून त्याच्या अंगावर ओतायची. ते पाणी पन्हळीतून थेट माडाच्या आळ्यात जायचं. न्हाणं झालं की मी हाक मारायची, आणि सुनंदा निखाऱ्यांवर ओवा, वेखंड टाकून धुरी घेऊन यायची. नंदूला धुरी आवडायची. खोकायचा आणि हसायचा.

कार्तिकात घटसर्पाने तो गेला. नीट बसायलाही लागला नव्हता.

तेव्हापासून मागची मोरी कोरडी पडली. आमच्या आंघोळी न्हाणीघरात व्हायच्या, ते पाणी अळू आणि केळी पिऊन टाकत. सुनंदा परसात पाऊल टाकीना. दिवसभर पुढच्या ओट्यावर बसून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. मार्तंड ऑफिसला जायच्या आधी विहिरीवरून बादल्या नेऊन माडाला घालायचा. विहीर घराच्या पुढे, माड मागे. महिन्याभरात त्याची कंबर धरली, तिकडे विहीरही खाली गेली, आणि माडाची पाती कडेने पिवळी पडायला लागली.

म्हणून तो नकाशा. काम त्याने चोख केलं, हे मीही कबूल केलं पाहिजे. विहिरीशेजारी उंचावर एक हौद बांधला. रहाटाने तो सकाळी भरायचा, पुढचं काम उताराचं. जमिनीवर पाणसाळ ठेवून ठेवून त्याने पाटांचा ढाळ काढला. जास्त पाणी पिणारी झाडं एका पाटावर घेतली, कमी पिणारी दुसऱ्यावर. मोगऱ्याला आठवड्यातून दोनदाच पाणी. सोनचाफ्याच्या बुंध्याशी भोक पाडलेलं मडकं पुरलं, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने मुळांशी जाईल. आळ्यांवर वाळका पाला पसरला, उन्हाने ओल उडू नये म्हणून. निम्म्या पाण्यात बाग भिजेल असा त्याचा हिशेब होता.

अडचण फक्त माडाची होती. घराला वळसा घालून पाट न्यावा तर वाटेतल्या मुरमातच पाणी जिरायचं. मग त्याने घाटकोपरहून लोखंडी नळ आणला आणि भिंतीच्या कडेने पडवीत घेतला. नळाचं तोंड मागच्या मोरीवर.

"तिथून पुढे पन्हळ आहेच," तो म्हणाला. "तिचा ढाळ उत्तम आहे."

ढाळ खरंच उत्तम होता. मी मान डोलावली. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी जरा माणसात आला होता, आणि मला तेवढंच दिसत होतं.

रविवारी सकाळी त्याने हौदाचा बोळा काढला. मी पडवीत उभी होते. पाणी आलं की हाक मारायची, असं ठरलं होतं. नळ आधी गुरगुरला, मग मोरीच्या दगडावर पाण्याची धार पडली, थोडी थांबली, परत पडली, तांब्याने ओततात तशी. पन्हळीतून खळखळत पाणी माडाकडे निघालं. मी बराच वेळ पाहत राहिले, हाक मारायचीही विसरले. माझे हात नकळत पुढे झाले होते.

"वन्सं, झालं का न्हाऊन?"

मी वळले. दारात सुनंदा उभी होती. खांद्यावर पंचा, हातात धुपाटणं, त्यातून ओव्याचा धूर येत होता. चेहरा मोकळा होता, पूर्वीसारखा. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. मग नळाकडे.

तेवढ्यात मार्तंड चिखलाच्या पायांनी घराला वळसा घालून धावत आला. "पोचलं का, ताई?" म्हणाला आणि जागच्या जागी थांबला.

सुनंदाने धुपाटणं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. "अहो, बंद करा ते."

"चुकलं माझं. माझ्या ध्यानातच आलं नाही. मी दुसरीकडून नेतो. बाहेरून नेतो, थोडं पाणी वाया गेलं तरी चालेल."

"कुठूनही नेलंत तरी जाणार त्यालाच ना?"

"नाहीतर मरेल गं तो. त्याचं एवढंच उरलंय आपल्याकडे."

"म्हणूनच म्हणते." ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तो वाढेल. तुमच्या डोक्यावर जाईल, मग घरावर जाईल. त्याला नारळ लागतील. माझा नंदू तेवढाच राहील. मला नाही ते बघवणार. तुम्हाला बघवेल?"

मार्तंडने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही मोडलं की असंच पाहायचा. दोघांचंही खरं होतं.

तो वळून हौदाकडे गेला. पाणी थांबलं. बोळा बसवून तो तसाच परत येईल असं मला वाटलं, पण तो आला तो ओंजळीत ओली माती घेऊन. मोरीशी गुडघ्यांवर बसला आणि पन्हळीच्या तोंडात ती माती दाबून बसवायला लागला. परत गेला, परत माती आणली. दोन्ही हातांनी थापली.

नंदूला पुरलं तेव्हाही माती त्यानेच लोटली होती, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज तो मोरीत बसून मोठ्याने रडला. सुनंदा उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि राहिलेली फट तिने आपल्या हाताने लिंपली.