थेल्माचा पंधरावा उन्हाळा

"उठतेस, की अशीच लोळत राहणारेस?" नेटवरून वाकून थेल्माने विचारलं.

"लोळायचंच असतं तर समुद्रावर गेले नसते का, भवाने!" गवतात पडल्या पडल्या घोटा दाबत रोझलिंड म्हणाली. घोटा बघता बघता पावासारखा फुगला.

टेनिसचा अंतिम सामना. पहिला सेट थेल्माचा, दुसऱ्यात ती पाच-दोनने पुढे. एक गेम उरला होता. सदतीस वर्षांची थेल्मा गार्बट आठवडाभर पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि गेले चौदा उन्हाळे या क्लबच्या हिरवळीवर हरायची. इतक्या नेमाने, की तिचा सामना सुरू झाला की चहावाली बाई हरणारीचा चहा ओतून ठेवी आणि तो कधी गार झाला नाही. तिचे गुडघे तर असे करकरत, की शेजारच्या कोर्टावरचे पंच प्रेक्षकांना गप्प बसायला सांगत.

क्लबची एक रीत होती. जिंकणारीचं नाव सोनेरी अक्षरांत पाटीवर चढे, आकड्यांसकट. समोरचीने दुखापतीने सामना सोडला, तर आकड्यांच्या जागी नुसतं 'माघार'. जिच्या नावापुढे तसं लिहिलं गेलं, अशी एक बिचारी विजेती मरेपर्यंत 'माघारवाली' म्हणूनच ओळखली गेली. थेल्माला आकडे हवे होते.

"मिस पीक, थांबवू या का?" पंच कर्नलसाहेबांनी उंच खुर्चीवरून विचारलं.

"अजून उभी आहे मी, कर्नलसाहेब." रोझलिंड रॅकेटच्या आधाराने उठली. मग हळूच थेल्माला म्हणाली, "चार पॉइंट घे आणि मोकळी हो. पण दया केलीस ना, तर हीच रॅकेट डोक्यात घालीन."

"अगं, पण तो घोटा..."

"सर्व्हिस कर!"

थेल्माने चेंडू अलगद दिला. रोझलिंडने एका पायावर उभं राहून तो थेल्माच्या कानाजवळून सणसणत परत पाठवला.

"शून्य-पंधरा," कर्नल म्हणाले.

"सांगितलं होतं ना?" पलीकडून आवाज आला.

मग थेल्माने जोर लावला. पंधरा-पंधरा. तीस-पंधरा. चाळीस-पंधरा. शेवटच्या चेंडूला रोझलिंड पार मागे, पांढऱ्या रेषेपाशी होती. थेल्माने तो नेटपलीकडे हलकेच टाकला. थकल्यासारखा तो गवतात बसला. रोझलिंडने एक पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"हा चोरटा फटका कुठे शिकलीस गं?"

"तूच हरवलं होतंस मला ह्याने. सहा वर्षांपूर्वी."

"मग ठीक आहे."

थेल्मा पलीकडे गेली आणि तिने रोझलिंडचा हात आपल्या खांद्यावर घेतला. टाळ्या पडल्या, बऱ्याचशा लंगडणारीसाठी. थेल्माने आपली पावलं लहान केली. क्लबघर काही लांब नव्हतं, पण टाळ्या तिथवर पुरल्या नाहीत. उरलेलं गवत दोघींनी तसंच पार केलं.